वैज्ञानिक दाव्यामागचे काम कसे वाचावे

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याची छायाचित्रे महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा टाळेबंदीमुळे माणसे घरात होती आणि प्रत्येकाकडे एखादे कारण तयार होते. शेवाळ, वाढलेला खारेपणा, प्रदूषण, असे तर्क एकापाठोपाठ एक पुढे येत राहिले. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या विषयात लक्ष घातले. पुढे आघारकर संस्थेने सांगितले की, अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्या पाण्यात मोठ्या संख्येने वाढले होते आणि सरोवराला आलेला रंग त्यांच्या अंगातल्या गुलाबी रंगद्रव्याचा होता. बहुतेक वाचकांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. माझ्या मते वाचकाचे खरे काम तिथून सुरू होते, आणि ते कसे करावे हे सांगण्यासाठी हे टिपण लिहीत आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. वही, पेन्सिल आणि एखादी मोकळी संध्याकाळ एवढे पुरते.

आधी दावा आपल्या शब्दांत लिहावा

बातमीच्या मथळ्याला दावा समजू नये. मथळा वाचून झाला की संशोधकांचे नेमके म्हणणे काय आहे ते आपल्या वहीत साध्या वाक्यांत लिहावे, आणि एका वाक्यात दोन म्हणणी शिरली असतील तर ती वेगळी करावीत. लोणारच्या बाबतीत हे केले की एकाच्या जागी तीन दावे हाती येतात. नमुन्यात हॅलोआर्किया आहेत, हा पहिला. पाण्याला दिसणारा रंग त्यांचाच आहे, हा दुसरा. पाण्याची पातळी घटली, खारेपणा वाढला आणि म्हणून ते याच वर्षी एवढे फोफावले, हा तिसरा.

या तीन दाव्यांना तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे लागतात. पहिल्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्या पुरतात. दुसऱ्यासाठी रंग आणि जीव एकत्र हलतात हे दाखवावे लागते, आणि तसे निरीक्षण आघारकर संस्थेत मिळाले: नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पारदर्शक झाले. रंग पाण्यात विरघळलेला असता, तर बाटली कितीही वेळ न हलवता ठेवली तरी वरचे पाणी गुलाबीच राहिले असते. इतके साधे आणि इतके निर्णायक निरीक्षण मला फार आवडते, कारण ते शाळेतल्या मुलालाही समजते आणि तज्ज्ञालाही त्याला सहजासहजी उत्तर देता येत नाही. तिसऱ्या दाव्याची गोष्ट मात्र निराळी आहे. एका उन्हाळ्यातल्या बाटल्यांवरून तो सिद्ध होऊ शकत नाही. त्याला अनेक वर्षांच्या पातळीच्या, क्षारतेच्या आणि रंगाच्या नोंदी लागतात. दावा पटण्याजोगा आहे, तर्काला धरून आहे, पण त्याचा पुरावा दुसऱ्या दाव्याच्या पुराव्याइतका भक्कम नाही. बातमीत तिन्ही दावे एकाच ठामपणाने एका ओळीत येतात आणि वाचकाची पहिली फसगत तिथे होते.

म्हणून दावा लिहिताना क्रियापदाखाली रेघ मारावी. ‘आढळले’, ‘संबंध दिसला’ आणि ‘यामुळे झाले’ या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक वरच्या पायरीसाठी अधिक काम लागते. मूळ निबंधात संशोधक पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर उभे असतात आणि बातमी होईपर्यंत त्यांना तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवलेले असते, असे वारंवार दिसते.

मूळ निबंध गाठावा आणि तो उलटा वाचावा

चांगल्या बातमीत नियतकालिकाचे नाव, संस्थेचे नाव आणि एखाद्या संशोधकाचे नाव असते. तेवढ्यावर शोध घेतला तर मूळ निबंध, निदान त्याचा गोषवारा, बहुधा सापडतो. निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला ईमेल लिहून प्रत मागावी. अशी मागणी करण्यात गैर काही नाही आणि बरेच संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. निबंध समीक्षणापूर्वीचा आहे की समीक्षण होऊन छापलेला, हेही पाहून ठेवावे. समीक्षण म्हणजे त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांनी, बहुधा नाव गुप्त ठेवून आणि मोबदल्याशिवाय, निबंध बारकाईने वाचणे. ते प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. समोर मांडलेल्या पद्धतीतून समोर मांडलेला निष्कर्ष निघतो का, एवढेच ते तपासू शकतात. त्यामुळे समीक्षण झालेला निबंध प्राथमिक चाळणीतून गेलेला असतो, इतकाच अर्थ घ्यावा. कमीही नको आणि जास्तही नको.

वाचण्याचा क्रम असा ठेवावा: आधी गोषवारा, मग तक्ते आणि आकृत्या, मग पद्धतीचा भाग, त्यानंतर लेखकांनीच सांगितलेल्या मर्यादा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रस्तावना वाचकाला लेखकांच्या बाजूने वळवण्यासाठी लिहिलेली असते. ती आधी वाचली की तक्ते लेखकांच्याच नजरेने दिसू लागतात. निबंधाच्या तळाशी निधी कोणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय, याची नोंद असते, तीही वाचावी. निधी एखाद्या उद्योगाचा आहे एवढ्यावरून काम खोटे ठरत नाही, मात्र पद्धतीचा भाग अधिक सावकाश वाचण्याचे ते कारण जरूर ठरते.

निबंध वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी. निबंध सरळ रेषेत लिहिलेला असतो. काम कधीच सरळ रेषेत झालेले नसते. प्रश्न, पद्धत, निकाल, निष्कर्ष हा क्रम वाचकाच्या सोयीसाठी आहे. प्रत्यक्षातला क्रम पाहायचा तर प्रयोगशाळेतली नोंदवही पाहावी. तिची पाने आधीच क्रमांक घालून ठेवलेली असतात, एकही पान फाडायचे नसते, नोंद पेनने करायची असते, आणि आकडा चुकला तर तो खोडरबराने न पुसता त्यावर एकच आडवी रेघ मारून, बाजूला नवा आकडा, तारीख आणि सही लिहायची असते, म्हणजे आधी काय लिहिले होते ते नंतरच्या माणसाला वाचता येते. चुकलेला आकडाही जपून ठेवायचा, ही शिस्त मला विज्ञानाच्या साऱ्या उपकरणांपेक्षा मोलाची वाटते. निबंधात ती खोडलेली ओळ दिसत नाही, पण ती कुठेतरी आहे हे धरून चालावे.

तुलना कशाशी केली, हे शोधावे

आकडा एकटा असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. हे शिकण्यासाठी मी नेहमी गडचिरोलीचे उदाहरण घेतो, कारण ते मराठी मुलखातले आहे, त्याचे आकडे खुले आहेत आणि ते साध्या बेरीज-वजाबाकीने तपासता येतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरीच घेतल्या जाणाऱ्या काळजीचा जो अभ्यास केला, तो १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जाऊन बाळांना पाहत होत्या आणि ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या.

आता वहीत चार आकडे लिहावेत. काम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १९९३ ते १९९५ या काळात, ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती आणि तुलनेच्या गावांत सुमारे ५८. कामाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, पहिल्या गटातला आकडा २५.५ वर आला आणि दुसऱ्यातला ६० च्या जवळपास होता. नुसत्या ३९ गावांकडे पाहिले तर घट सुमारे ५९ टक्के भरते. पण त्याच काळात तुलनेच्या गावांत मृत्युदर घटला नव्हता, उलट सुमारे ३ टक्क्यांनी वाढला होता. दोन्ही फरक एकत्र धरले की निव्वळ घट ६२ टक्के येते, आणि निबंधात दिलेला आकडा हाच आहे.

तुलनेची ४७ गावे नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा. त्या तीन वर्षांत रस्ते झाले असतील, पाऊस चांगला झाला असेल, सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला असेल आणि त्यामुळेच मृत्यू घटले असतील, अशी शंका कोणीही काढू शकला असता आणि तिला उत्तर नसते. त्याच जिल्ह्यातल्या, तशाच परिस्थितीतल्या गावांत घट झाली नाही, हे त्या शंकेचे उत्तर आहे. त्यामुळे निबंध हाती आला की तुलनेचा गट शोधावा, सुरुवातीला दोन्ही गट सारखे होते का ते पाहावे, आणि तुलनेचा गटच नसेल तर ‘यामुळे झाले’ या क्रियापदावर पेन्सिलीने काट मारावी.

दुसरी सवय टक्केवारीबद्दलची. ‘६२ टक्के घट’ ऐकायला मोठी वाटते, पण ती किती बाळांची, हे टक्का सांगत नाही. हजारातल्या दोन मृत्यूंचा एक झाला तरी घट ५० टक्केच असते. म्हणून टक्क्याशेजारी प्रत्यक्ष संख्या मागावी. या निबंधात ती दिलेली आहे: १९९७-९८ मध्ये काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, यात मृतजन्म आणि नवजात मृत्यू दोन्ही धरले आहेत. एका गावात वर्षाला किती बाळंतपणे होतात याचा अंदाज ज्याला आहे, त्याला या आकड्याचे वजन टक्क्यापेक्षा लवकर कळते. औषधांच्या जाहिरातीत नेमकी हीच संख्या गाळलेली असते, हे एकदा पाहायला शिकले की विसरता येत नाही.

चूक कोणत्या बाजूने शिरू शकते, हे विचारावे

संशोधकांचा बराचसा वेळ उत्तर शोधण्यापेक्षा मिळालेले उत्तर मोडून पाहण्यात जातो. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून निघून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. जगभर बातमी झाली ती आइन्स्टाइन चुकल्याची. ऑपेराच्या शास्त्रज्ञांनी स्वतः मात्र, आम्हाला आमची चूक सापडत नाही, इतरांनी तपासावे, अशीच भूमिका घेतली होती. त्यांच्याकडे हजारो नोंदी होत्या, त्यामुळे योगायोगाने असा आकडा आला असेल ही शक्यता जवळजवळ उरलीच नव्हती. तरीही २०१२ च्या आरंभी एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसलेली नसल्याचे लक्षात आले आणि तिने वेळेच्या मोजणीत फरक पाडला होता. त्याच ठिकाणी इकारस या दुसऱ्या प्रयोगाने मोजणी केली तेव्हा न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला.

यातून वाचकाने घ्यायचे ते असे की, मोजमापात दोन जातीच्या चुका असतात. एक इकडे-तिकडे विखुरणारी. ती मोजण्या वाढवल्या की कमी होते. दुसरी एकाच बाजूला ओढणारी. तिच्यावर मोजण्या वाढवण्याचा काहीही परिणाम होत नाही. वजनकाटाच दीडशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर हजार वेळा तोलले तरी दीडशे ग्रॅम जास्तच भरणार. ‘इतक्या हजार लोकांवर अभ्यास झाला’ हे वाक्य पहिल्या चुकीबद्दल दिलासा देते, दुसरीबद्दल अक्षरही बोलत नाही.

लोणारकडे परत येऊ, कारण एकाच बाजूला ओढणाऱ्या चुकीचे याहून सुंदर उदाहरण आपल्याकडे नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्वालामुखीचे असावे असे बराच काळ मानले जात होते, आणि सभोवती दक्खनचा काळा कातळ, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, पसरलेला असताना तसे वाटणे स्वाभाविक होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या निबंधाने ते उल्काघाताचे असल्याचे दाखवून दिले. त्यातला कळीचा साक्षीदार म्हणजे मास्केलिनाइट. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की ते बाहेरून स्फटिकाचा आकार राखते, पण आतून काचेसारखे होते. दगडाचा पातळ काप घेऊन ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला, तर साधा फेल्डस्पार उजळतो आणि काळवंडतो, पण मास्केलिनाइट कसाही फिरवला तरी काळाच राहतो. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. हा पदार्थ सर्वप्रथम ओळखला गेला तोही १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत.

विवर कसे झाले यावर आता वाद नाही. ते कधी झाले यावर मात्र दोन आकडे आहेत आणि त्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. तापदीप्तीच्या पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या) पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. बातमीत अशा वेळी ‘शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही’ असे लिहून विषय संपवतात. वाचकाने त्यापुढे एक पाऊल टाकावे आणि प्रत्येक पद्धत चुकलीच तर कोणत्या बाजूला चुकेल, हे विचारावे. तापदीप्तीत खनिजात साठत गेलेल्या ऊर्जेवरून काळ काढतात. ही ऊर्जा मधल्या काळात गळाली, किंवा साठवण्याची मर्यादा आधीच भरली, तर वय खऱ्यापेक्षा कमी दिसते. आर्गॉनच्या पद्धतीत, आघाताने वितळलेल्या दगडात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मूळ बेसॉल्टमधला आर्गॉन थोडाही शिल्लक राहिला, तर वय खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून तो जुना आर्गॉन गणिताने वेगळा काढावा लागतो आणि तो किती नीट वेगळा निघाला, यावर उत्तराचा भरवसा ठरतो. म्हणजे हा मतभेद दोन माणसांच्या हट्टाचा नाही. घड्याळे दोन आहेत आणि त्यांच्या मागे-पुढे होण्याची कारणे वेगळी आहेत. इतके समजले की ‘एकमत नाही’ या वाक्याने निराश होण्याचे कारण राहत नाही, आणि पुढचा निबंध आला तर त्यात काय पाहायचे तेही ठरून जाते.

चूक उघड झाल्यावर कोण काय करते, ते पाहावे

एखाद्या संशोधनाची विश्वासार्हता त्याच्या यशापेक्षा अपघाताच्या वेळी जास्त कळते. मुंबईत प्लेग पसरल्यावर वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात, पुढे आलेल्या कैद्यांवर आणि न टोचलेल्यांशी तुलना करून, तिची चाचणी झाली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुळकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली होती, आणि दगावलेले सर्वच्या सर्व एकाच बाटलीतली लस घेतलेले होते.

इथे पुराव्याने बोलणे आणि दोषी ठरवणे यांतला फरक फार कठोरपणे दिसतो. चौकशीने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे त्याच चौकशीच्या कागदांत होते. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही, हेही समोर होते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. मुंबईत परळ येथे असलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव लागायला १९२५ साल उजाडले. पाच वर्षे एका माणसाचे काम थांबले, ही हानी कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आजही एखादी लस, औषध किंवा यंत्र यांच्याबद्दल दुर्घटनेची बातमी आली की हेच दोन प्रश्न विचारावेत: बाधित झालेल्यांना जोडणारा समान धागा कोणता, आणि तो धागा ज्यांना लागू नव्हता त्यांचे काय झाले. पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विचारणारा क्वचित भेटतो, आणि उत्तर बहुधा त्यातच असते. निबंध मागे घेतला गेला किंवा त्यात दुरुस्ती झाली असेल तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्याच निबंधावर तशी सूचना असते. जुना दावा पुढे पाठवण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

प्रश्न कोणाचा होता आणि काम कोणाच्या हातून झाले

या टिपणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि निबंध वाचून तो कळत नाही. बंग दांपत्य १९८६ मध्ये गडचिरोलीत गेल्यावर त्यांनी आरंभी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. विज्ञान म्हणून तो चोख होता, पण लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा प्रश्न नव्हता, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. नंतरचे काम लोकांना काय सलते हे विचारून ठरत गेले. बालमृत्यू हा त्यांतला एक प्रश्न.

हातांचा विचारही तितकाच करावा. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात आणि गावातल्या सुईणींना दहाच्या पुढे मोजताना अडचण येत होती. त्यावर सर्चने एक साधे उपकरण केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर श्वास धोक्याच्या पलीकडे गेलेले आहेत. मोजणीची अचूकता तीच राहिली, फक्त ती मोजणाऱ्या बाईच्या ज्ञानाच्या मापाने घडवली गेली. हे काम शोधनिबंधाइतकेच वैज्ञानिक आहे, असे मी मनापासून मानतो. नवजात बाळांच्या अभ्यासातही १९९५-९६ हे पहिले वर्ष प्रामुख्याने निरीक्षणाचे होते. आरोग्यदूतांनी ७६३ बाळे त्यांच्या घरीच पाहून काय काय होते ते नोंदवले आणि उपचार त्यानंतर आले. त्या उपचारांत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्याचाही समावेश होता, आणि डॉक्टर नसलेल्या बाईने ते द्यावे का, हा प्रश्न वैद्यकाइतकाच समाजाचाही होता.

याउलट १८९७ च्या पुण्यात प्लेगचे उपाय लष्करी शिपायांच्या हातून घराघरांत शिरले. रोगी शोधणे आणि वेगळे ठेवणे यामागचा वैद्यकीय विचार त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे असेल, पण लोकांना दिसले ते घरात शिरलेले बूट, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. एखाद्या वस्तीने लस नाकारली किंवा सर्वेक्षणाला दार उघडले नाही अशी बातमी वाचताना ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी दारात कोण उभे होते, हे विचारावे.

आणि संशोधनाचे धोरण होते तेव्हा त्यातले काय टिकते आणि काय बदलते, तेही पाहावे. गडचिरोलीचा प्रयोग नंतर महाराष्ट्रात सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांमार्फत करून पाहिला गेला. २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत नवजात बाळांना घरी भेटी देण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला, ज्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा आणि घरी जन्मलेल्याला सात भेटी ठरल्या. त्यात भर आहे तो वजन, तापमान, स्तनपान, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि बाळाला दवाखान्यात पाठवणे यांवर. म्हणजे ३९ गावांतला ६२ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा देशाला लावता येणार नाही, कारण काम तेच राहिलेले नाही. आपल्या गावातली आशा सहा भेटी खरोखर देऊ शकते का, तिच्याकडे वजनकाटा चालू आहे का, मानधन वेळेवर मिळते का, हे विचारणे हाही त्या निबंधाच्या वाचनाचाच भाग आहे.

प्रत्यक्ष जाऊन पाहावे

संशोधन संस्था वर्षातून एखादा दिवस लोकांसाठी खुल्या असतात, बहुधा २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात भरणारे प्रदर्शन त्यासाठी उत्तम आहे. ३० तबकड्यांपैकी काही तिथे जवळून पाहायला मिळतात आणि शाळकरी मुलांचे प्रकल्पही मांडलेले असतात. तिथे ‘तुम्ही काय शोधले’ असे न विचारता ‘गेल्या वर्षी काय चुकले आणि ते कसे कळले’ असे विचारून पाहावे. उत्तर देणाऱ्याचा चेहरा उजळतो, कारण त्याचे रोजचे काम तेच असते.

आणि लोणारला जाणे झाले तर तिसऱ्या दाव्याची आठवण ठेवावी. अभयारण्याचे नियम पाळून, पाण्याला किंवा काठाला हात न लावता, दरवेळी एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे, त्यावर तारीख आणि वेळ लिहावी, आणि कमळजा देवीच्या मंदिरापासून पाण्याची कड किती पावलांवर आहे ते मोजून नोंदवावे. आकडा चुकला तर पुसू नये. एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहावा.